कट म्हटल्यानंतर

चंद्रिका रावचा सगळा दिवस माणसं मार खाताना बघण्यात जायचा. वडपलनी या सिनेमावाल्यांच्या वस्तीतल्या एका गल्लीत, भांड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर, तंगदुरै नावाच्या एडिटरचा लहानसा स्टुडिओ होता. तमिळ सिनेमातल्या मारामाऱ्या जोडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता आणि चंद्रिका त्याची असिस्टंट होती. ठोसा कुठल्या फ्रेमला लागला असं वाटलं पाहिजे, बाटली फुटल्यावर रक्त किती उशिरा दिसलं पाहिजे, हाड मोडल्याचा आवाज कुठे टाकायचा, हे ठरवण्यात तिची सकाळ आणि दुपार जायची. रक्त खोटं असायचं, पाइप रबराचे असायचे. ती डबा खाताखाताही असले शॉट लावून बसायची.

ती तंजावरच्या मराठ्यांपैकी. वडील नागोजीराव शहराबाहेरच्या आवडी गावात सरकारी कारखान्यात कारकून होते आणि निवृत्तीनंतरही आवडीतच राहिले होते. घरात बोलायची ती भाषा मराठीच, पण पुण्या-नाशिकचा माणूस ऐकून गोंधळेल अशी. जुने शब्द, मधेच तमिळ, आणि प्रत्येक वाक्याला तमिळचा हेल. चंद्रिकाचं लग्न एका शाळामास्तराशी झालं होतं. त्यानं पहिल्यांदा हात उचलला तेव्हा ती गप्प राहिली. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा तिनं चुलीवरचा गरम तवा त्याच्या मनगटावर टेकवला आणि बॅग भरून आवडीला आली. नागोजीरावांनी दार उघडलं, बॅग हातातून घेतली आणि एवढंच विचारलं, “जेवलीस का, चंद्री?” त्यानंतर त्या विषयावर घरात कधी बोलणं झालं नाही.

दोन हजार सात साली सिनेमाची रिळं जाऊन हळूहळू डिजिटल कॅमेरे येत होते. सेटवरून आता रिळांचे डबे येत नसत, कॅमेऱ्याची कार्डं येत. ती हार्डडिस्कवर उतरवायची, एकेक फाइल प्रोजेक्टमध्ये घ्यायची, सीनप्रमाणे लावायची आणि प्रत्येक शॉटला त्याचा आवाज जुळवायचा, हे काम चंद्रिकाचं. त्यात दिवसच्या दिवस जायचे. सेटवरून कागद यायचा, त्यावर ज्या टेकपुढे ‘ओके’ लिहिलेलं असेल तेवढेच ती घ्यायची, बाकीचे सोडून द्यायची.

मग पुष्कर आला. हा नाशिकचा मुलगा, पेरुंगुडीला एका आयटी कंपनीत नोकरीला. बहिणीच्या लग्नाचं चित्रण जोडून घ्यायला म्हणून तो स्टुडिओत आला आणि चंद्रिकाला फोनवर वडिलांशी बोलताना ऐकून चकित झाला.

“ताई, तुम्ही मराठी?”

“मराठीच की. तुम्हांस कळेना काय, मी बोलत्यें तें?”

“कळतंय, पण आजोबांच्याही आजोबांशी बोलतोय असं वाटतंय.”

त्या दिवसापासून तो शनिवारी येऊन बसायला लागला. तिची धांदल बघून त्यानं एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. कार्ड लावलं की प्रोग्राम आपोआप सगळ्या फायली उतरवून घ्यायचा, प्रोजेक्टमध्ये आणायचा, सीनचे वेगवेगळे कप्पे करायचा आणि वेळेच्या खुणा बघून आवाज जोडायचा. फक्त ओके आणि नापास टेकमधला फरक त्याला कळत नसे. कॅमेऱ्यानं जे म्हणून टिपलं ते सगळं तो आत घ्यायचा. चंद्रिका म्हणाली, असूं दे, नको ते मी मागाहून काढीन.

त्या वर्षी तंगदुरैकडे एका मोठ्या हिरोचा सिनेमा होता. श्रीपेरुंबुदूरच्या पुढे एका बंद पडलेल्या कारखान्यात शेवटच्या मारामारीचं शूटिंग चालू होतं. हिरो एकटा, हातात लोखंडी पाइप, आणि समोर गुंडांची टोळी. त्या टोळीत मार खाणारा एक मानाजी होता. हाही तंजावरकडचा मराठा, स्टंटच्या कामात आयुष्य घालवलेला. दात किडलेले, पाय मजबूत, आणि पहिल्या मजल्यावरून पडून उठताना हसणारा. कधीतरी स्टुडिओच्या दारात येऊन उभा राहायचा.

“अक्का, काल मी कसा मेलों, पाहिलांत का?”

“पाहिलें. बरा मेलास. पण डोळा उघडा राहिला होता.”

“अय्यो! तें काटून टाका हो, अक्का.”

आपलं मरण नीट दिसावं याची त्याला फार काळजी असायची.

एका सकाळी चंद्रिका स्टुडिओत आली तेव्हा खालच्या दुकानदारानंच तिला बातमी दिली. शूटिंगमध्ये दोर तुटला, एक स्टंटवाला उंचावरून पडला, पहाटे गेला. नाव त्याला माहीत नव्हतं. ती जिना चढून वर आली. आदल्या संध्याकाळी सेटवरचा माणूस कार्डं देऊन गेला होता आणि ती मशीनला लावून चंद्रिका घरी गेली होती. प्रोग्रामनं सगळं उतरवून ठेवलं होतं. पडद्यावर शॉटची लहान लहान चित्रं रांगेनं लागली होती. तिनं उंचीवरून पडण्याचा शॉट शोधला. दोराचा एकही शॉट त्यात नव्हता. पण एक क्लिप इतरांपेक्षा फार लांब होती. तिनं ती लावली.

सुरुवातीला नेहमीचंच. डायरेक्टरनं ‘ॲक्शन’ म्हटलं, मानाजी धावत आला, हिरोनं वळून रबरी पाइप मारला, मानाजी गिरकी घेऊन खाली जायला लागला आणि त्या गिरकीत त्याचं कोपर हिरोच्या तोंडावर बसलं. हिरोचा ओठ फुटला. डायरेक्टर ओरडला, ‘कट!’ मानाजी लगेच उठून हात जोडत पुढे झाला. हिरोनं ओठाला बोट लावलं, बोट बघितलं, रबरी पाइप फेकून दिला आणि बाजूला ठेवलेला खरा पाइप उचलला. जवळच्या शॉटमध्ये ठिणग्या उडाव्यात म्हणून तो आणलेला होता.

पहिला घाव खांद्यावर बसला. त्याचा आवाज चंद्रिकाला ओळखू आला नाही. इतकी वर्षं ती हाड मोडल्याचा म्हणून जो आवाज वापरत होती, त्याच्यासारखा तो मुळीच नव्हता. ओला आणि बारका होता. दुसरा घाव मानाजीनं हातावर घेतला, हात लोंबायला लागला. तिसरा डोक्यात. तो गुडघ्यावर आला तरी हिरो थांबला नाही. कॅमेरा चालूच होता. कॅमेरामनला तो बंद करायचं सुचलं नसावं, किंवा धीर झाला नसावा. पन्नास-साठ माणसं गोलाकार उभी राहून बघत होती. ‘सर, पोदुम, सर,’ पुरे आता, असं कोणीतरी म्हणालं, तेही हळूच. हिरो दमून थांबला तेव्हा मानाजी कुशीवर पडून काहीतरी बोलत होता.

“एन्न सोल्रान?” कोणीतरी विचारलं. काय म्हणतोय हा?

तिथं कोणालाच कळलं नाही. आवाज घेणाऱ्याचा माइक मात्र वर टांगलेला होता आणि प्रोग्रामनं त्याचा आवाज चित्राला बरोबर जोडला होता. चंद्रिकाला प्रत्येक शब्द ऐकू आला.

“मज दिसेना,” मानाजी म्हणत होता. “कोणी आहांत काय? मज कांहीं दिसेना.”

ती उठून मोरीत गेली, तोंड धुऊन परत आली आणि तिनं पुष्करला फोन लावला.

“पुष्कर, एक क्लिप आहे. कांहीं न बदलतां, जशी आली तशी, आवाजासकट दुसऱ्या डिस्कवर कशी घेऊं?”

“फक्त कॉपी करायचीय? प्रोग्रामनं उतरवलेलं अख्खं फोल्डर उचला, ताई. आतल्या कशाला हात लावू नका. काय झालंय?”

“मग सांगत्यें.”

फोल्डर डिस्कवर उतरत असतानाच तंगदुरै आला. चेहरा राखेसारखा. आल्या आल्या म्हणाला, “प्रॉडक्शनमधून फोन होता. रात्री माझ्याकडून परत नेलेली कालची कार्डं त्यांनी सेटवर पुसून टाकली. आपल्याकडे जे आलंय तेही पुसायचं. ओके टेक तेवढे ठेवायचे.”

“अण्णा, तुम्ही बघितलंत?”

“मला बघायचं नाही.”

“मानाजीला मारून टाकलंय, अण्णा. दोर वगैरे काही तुटला नाही.”

“मला दोन मुली आहेत,” तंगदुरै म्हणाला. तो तिच्या खुर्चीवर बसला आणि स्वतःच्या हातानं ती क्लिप त्यानं मशीनवरून पुसली. त्यात दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. पुसून झाल्यावर त्याची नजर टेबलाच्या कडेला गेली. तिथं ती छोटी डिस्क होती. चंद्रिकानं ती उचलली, आपल्या पर्समधल्या सॅनिटरी पॅडच्या पाकिटात खाली सरकवली आणि पर्स बंद केली. तंगदुरैनं सगळं बघितलं. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

दुपारी माणसं आली. पुढे प्रॉडक्शन मॅनेजर, मागे तिघे, हातात सळया. मॅनेजरनं जिन्याच्या दाराला आतून कडी घातली. काही विचारायच्या आधीच त्यांनी मशीन फोडायला सुरुवात केली. मॉनिटरच्या काचा उडाल्या, हार्डडिस्कचे डबे खाली आपटून त्यांवर सळया घातल्या गेल्या. इतक्या वर्षांचं काम पत्र्याच्या तुकड्यांसारखं जमिनीवर पसरलं.

“आणखी कॉपी कुठे आहे?” मॅनेजरनं विचारलं.

“नाही,” तंगदुरै म्हणाला. “मी पुसलं. माझ्या हातानं पुसलं.”

“कुठल्या हातानं?”

दोघांनी त्याचा उजवा हात टेबलावर दाबून धरला. तिसऱ्यानं बोटांवर सळई घातली. तंगदुरै ओरडला तो आवाज खालच्या रस्त्यापर्यंत गेला, पण भांड्यांच्या दुकानाचं शटर कोणीतरी घाईनं खाली ओढल्याचंच तेवढं ऐकू आलं.

“कॉपी कुठे आहे?”

“नाही. नाही, देवाशपथ नाही.”

पुन्हा सळई आली. त्याचं करंगळीचं हाड कातडीतून बाहेर दिसत होतं. त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले होते. चंद्रिकाच्या पर्सकडे नजर जाऊ नये म्हणून मिटले असावेत, असं ती पुढे सांगायची.

एकानं तिची पर्स उलटी केली. कंगवा, चाव्या, डबा, पाकीट. पाकिटावरचं चित्र बघून त्यानं तोंड वाकडं केलं आणि ते पायानं कोपऱ्यात उडवलं. मग त्यानं तिचे केस धरले.

“तू बघितलंस काय त्यात?”

उत्तराची वाट न बघता त्यानं तिच्या डाव्या कानावर हाताचा तळवा इतक्या जोरानं मारला की आत काहीतरी फाटलं आणि एका बाजूचं जग एकदम बंद झालं. ती भिंतीवर आदळली. हाताला कॅमेऱ्याचा जुना लोखंडी स्टँड लागला. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि फिरवला. स्टँडचा पाय त्या माणसाच्या जबड्यावर बसला. दात फरशीवर पडले. तो खाली बसला तरी तिनं पुन्हा मारलं, आणि पुन्हा, खांद्यावर, पाठीवर. मॅनेजरनं मागून तिच्या कमरेत लाथ घातली तेव्हाच ती पडली. मग त्यांनी तिला तुडवलं. बरगडी मोडल्याचं तिला कळलं. तोही आवाज बारकाच होता.

खाली गर्दी जमायला लागली तशी ते कडी काढून निघून गेले. जबडा मोडलेल्याला दोघांनी धरून नेलं.

चंद्रिका रांगत कोपऱ्यात गेली. पाकीट तिथंच होतं. तंगदुरै भिंतीला टेकून हात छातीशी धरून बसला होता.

“घेऊन जा,” तो म्हणाला. “मला काही माहीत नाही. जा.”

ती त्याला आधी रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली. त्याची बायको आल्यावरच ती तिथून निघाली, आणि स्वतःच्या कानातलं रक्त पदरानं पुसत थेट सालिग्रामम गाठलं. मानाजीच्या घराच्या बोळात चटयांवर स्टंटवाले बसले होते. प्रेत अजून मिळालं नव्हतं. मानाजीची बायको भवानी उंबऱ्यात होती.

“दोर तुटला म्हणतात,” भवानी म्हणाली. “ह्यांनी आजवर दुसऱ्याच्या हातची गाठ कधीं वापरली नाहीं.”

चंद्रिका तिच्याजवळ बसली आणि जे बघितलं ते तिनं सांगितलं. आपल्या भाषेत, हळू आवाजात सांगितलं. भवानीनं पदर तोंडात कोंबला.

“मज दाखव.”

“नको, भवानी. तें तूं पाहूं नको.”

“मग शेवटीं काय म्हणाले, तेवढें सांग.”

चंद्रिकानं सांगितलं. भवानीनं विचारलं, “कोणीं उत्तर दिलें काय त्यांस?”

“नाहीं.”

संध्याकाळी पुष्कर लॅपटॉप घेऊन आला. चंद्रिकाचा सुजलेला चेहरा बघून त्यानं आधी तिला पाणी आणून दिलं. स्टंट युनियनच्या म्हाताऱ्या मास्तरांनी क्लिप बघायला मागितली. ती सगळ्यांनी बघितली. अर्ध्या लोकांनी बोळातच भिंतीवर डोकी आपटून घेतली. त्या गोलाकार गर्दीत त्यांच्यातलेही काही जण उभे होते. आता ते लॅपटॉपवर स्वतःलाच बघत होते.

दुसऱ्या दिवशी काय होणार हे सगळ्यांना कळलं होतं आणि कोणी थांबवलं नाही. ज्यांना आयुष्यभर खोटं मारायला शिकवलं होतं ती माणसं खरं मारायला निघाली. श्रीपेरुंबुदूरचा सेट त्यांनी जाळला. हिरोचे उंच कटआउट कोडंबाक्कममध्ये ओढून पाडले, पेटवले. प्रॉडक्शन मॅनेजर गाडीत सापडला. काचेतून ओढून काढून त्याला इतकं मारलं की त्याचा एक डोळा गेला. हिरोचे चाहते काठ्या घेऊन आले, मग दगड, मग पोलिसांच्या लाठ्या. एका चाहत्याचं, कॉलेजातल्या पोराचं, दगड लागून डोकं फुटलं आणि तो मेला. त्याचा मानाजीशी काहीच संबंध नव्हता.

ही बातमी टीव्हीवर बघताना चंद्रिका दवाखान्यात होती. नागोजीराव बाजूला बसले होते.

“हें मी केलें काय, अप्पा?”

“तूं दाखविलेंस,” ते म्हणाले. “केलें त्यांनीं.” थोड्या वेळानं म्हणाले, “पण तें पोर कोणाचें तरी होतें, चंद्री. त्याच्या घरीं आपण जाऊं.” आणि ती बरी झाल्यावर दोघं खरोखरच गेले. त्या पोराच्या आईनं त्यांना दारातून हाकलून लावलं. नागोजीराव हात जोडून उभे राहिले आणि मग परत फिरले.

क्लिप पोलिसांकडे गेली आणि खटला उभा राहिला. हिरोचे वकील नावाजलेले होते. त्यांचं म्हणणं एकच होतं: ही बाई खोट्या मारामाऱ्या बनवते, तिचा धंदाच तो आहे, तर ही क्लिपही तिनंच बनवली. चंद्रिकाला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करून त्यांनी तिच्याच जुन्या सिनेमांतली दृश्यं लावली. हे रक्त खरं आहे का? नाही. हा घाव खरा आहे का? नाही. मग हाच खरा कसा?

“कारण हे मी जोडलेलं नाही,” चंद्रिका म्हणाली. वकिलाकडे तिनं उजवा कान केला होता. “मी जोडलेल्या मारामारीत प्रत्येक ठोसा नीट दिसतो. ह्यात अर्ध्या वेळी कॅमेऱ्यासमोर कोणाची तरी पाठ आहे. मी जोडलं असतं तर ती ठेवली नसती.”

पुष्करनं प्रोग्राम कसा चालतो ते सांगितलं. पण खरा फरक पडला तो तंगदुरैच्या साक्षीनं. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, तो आपणहून आला. वाकडी राहिलेली बोटं कठड्यावर ठेवून म्हणाला, क्लिप होती, मी ती पुसली, भीतीनं पुसली, आणि ही कॉपी त्याआधीची आहे. त्यानंतर कॅमेरामनही बोलला, आणि एक लाइटवाला.

दोन हजार नऊच्या अखेरीस निकाल लागला. हिरोला शिक्षा झाली, भवानीला वाटत होती त्यापेक्षा पुष्कळ कमी. आणि अपील होईपर्यंत तो जामिनावर सुटणार हेही त्याच दिवशी कळलं. बाहेर कॉरिडॉरमध्ये तो माणसांच्या घोळक्यातून पांढऱ्या शर्टात चालत आला. भवानी भिंतीशी उभी होती. तिनं पायातली चप्पल काढली, पोलिसाच्या हाताखालून वाकून पुढे गेली आणि त्याच्या तोंडावर हाणली. त्याच जुन्या जागी ओठ फुटला. त्याचा हात वर गेला. तो हात हवेत असतानाच त्याला सगळीकडून रोखलेले कॅमेरे दिसले, आणि हात हळूहळू खाली आला.

पोलिसांनी भवानीला तासभर बसवून ठेवलं आणि सोडून दिलं. चंद्रिका तिची वाट बघत गेटवर उभी होती. दोघी समोरच्या टपरीवर गेल्या, कॉफी घेतली. बशीत सांडलेली कॉफी भवानीनं परत कपात ओतली.

“तुझ्या कानास आतां ऐकूं येतें काय?” भवानीनं विचारलं.

“डाव्यास नाहीं.”

“मग ह्या बाजूस ये,” भवानी म्हणाली आणि बाकावर सरकून तिनं तिला जागा करून दिली.